मूत्रपिंडतज्ज्ञांची सभा

२०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट आहे. माझ्या वर्गातील एक मुलगा दर मंगळवारी आणि शुक्रवारी गैरहजर असतो. त्याच्या वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून दोन वेळा त्यांना पहाटेच्या बसने शहरातील रुग्णालयात डायालिसिससाठी न्यावे लागते, आणि घरात दुसरे कर्ते माणूस नाही. त्या आठवड्यात हा मुलगा शाळेत आला तो कपाळाला आठ्या घालूनच. रुग्णालयाच्या दारावर म्हणे एक कागद चिकटवलेला होता. मोठे डॉक्टर अधिवेशनासाठी दिल्लीस गेले आहेत, तपासणी पुढील आठवड्यात होईल, असा त्यावर मजकूर. डायालिसिस नेहमीप्रमाणे झाले. परंतु औषधाची मात्रा बदलून घ्यावयाची होती, ते काम राहून गेले.

“सर,” त्याने मला विचारले, “ही डॉक्टर मंडळी एवढ्या लांब जमून करतात तरी काय?”

आमच्या शिक्षकांच्या पतपेढीचा मी कित्येक वर्षे सहचिटणीस आहे. त्यामुळे सभेत काय चालते याचे सामान्य ज्ञान मला आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंदास मंजुरी देणे, वर्गणी थकलेल्या सभासदांची नावे वाचणे आणि शेवटी चहा. पण हे उत्तर त्या मुलाला देण्याचे मला धैर्य झाले नाही. म्हणून मी मिळेल ते वाचू लागलो. त्या वाचनातून हाती आलेला इतिहास आज आपणासमोर ठेवावयाचा आहे. तो यंत्रांचा किंवा शस्त्रक्रियांचा इतिहास नाही. सभेचा, सभासदांचा आणि ठरावांचा आहे.

मूत्रपिंडाच्या विकाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी सुरू केला. अंगावर सूज, लघवीत प्रथिने आणि मृत्यूनंतर आकसलेली मूत्रपिंडे या तीन गोष्टींचा परस्परसंबंध त्यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. १८४२ साली तर अशा रोग्यांच्या अभ्यासासाठी बेचाळीस खाटा त्या रुग्णालयात काही महिने राखून ठेवण्यात आल्या होत्या. तथापि यानंतर शंभर वर्षे लोटली तरी ‘मूत्रपिंडतज्ज्ञ’ असा स्वतंत्र डॉक्टर जगात निर्माण झाला नाही. याचे कारण सरळ आहे. रोगाचे नाव सांगता येत होते, त्यावर उपाय सांगता येत नव्हता. आणि ज्या रोगावर उपाय नाही त्याचा वेगळा वैद्य कोण पोसणार?

हा प्रकार पालटला तो दुसऱ्या महायुद्धात. जर्मन फौजांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या लहानशा गावी, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने १९४३ साली लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले कामचलाऊ कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. ही नळी मांस भरण्यासाठी खाटीक वापरतात तीच. पहिले रोगी एकामागून एक दगावले. १९४५ साली एक वृद्ध स्त्री वाचली. युद्ध संपताच कोल्फ यांनी आपली यंत्रे परदेशांतील रुग्णालयांना देऊन टाकली, हेही सांगितले पाहिजे. या यंत्राभोवती जे डॉक्टर गोळा झाले त्यांना आपण एका नव्या विद्येचे विद्यार्थी आहोत याची जाणीव झाली, आणि एकमेकांशी बोलण्याची गरज भासू लागली. फ्रान्समध्ये अशी मंडळी चाळीसच्या दशकाच्या अखेरीसच एकत्र आली होती. लंडनमध्ये १९५० साली ‘रीनल असोसिएशन’ स्थापन झाली आणि डॉ. आर्थर ऑस्मन तिचे पहिले अध्यक्ष झाले.

त्या काळच्या या संस्थांचे स्वरूप फार साधे होते. थोडे वैद्य, थोडे शरीरशास्त्रज्ञ, थोडे विकृतिशास्त्रज्ञ. बहुतेक एकमेकांना नावाने ओळखणारे. निबंध वाचावेत, त्यावर चर्चा करावी, जेवण करून आपापल्या गावी परतावे. कोणत्या रोग्याला उपचार द्यावा आणि कोणाला नाकारावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. कारण त्या वेळचे यंत्र केवळ अल्पकाळ बिघडलेल्या मूत्रपिंडाला विसावा देण्यापुरते होते. ज्याची मूत्रपिंडे कायमची गेली त्याच्यासाठी कोणाजवळच काही नव्हते. सर्वांनाच नकार असल्यामुळे निवड करण्याचे पाप कोणाच्याच माथी येत नव्हते.

पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातील डॉ. झाँ आंबुर्जे हे या इतिहासातील मोठे नाव. १९५२ सालच्या नाताळात त्यांच्या पथकाने मारियुस रनार नावाच्या एका सोळा वर्षांच्या सुतारकाम करणाऱ्या मुलाच्या शरीरात त्याच्या आईचे मूत्रपिंड बसवले. पहाडावरून, म्हणजे बांधकामाच्या परातीवरून पडून त्याचे मूत्रपिंड फुटले होते, आणि ते काढल्यावर असे उघडकीस आले की त्याला जन्मतः एकच होते. आईचे मूत्रपिंड तीन आठवडे चालले. पुढे शरीराने ते नाकारले आणि जानेवारी १९५३ मध्ये मुलगा वारला. सारा फ्रान्स त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून या मायलेकांकडे डोळे लावून बसला होता. या आंबुर्जे यांनीच आपल्या विद्येला ‘नेफ्रॉलॉजी’ हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेतील ‘नेफ्रोस’ म्हणजे मूत्रपिंड. नाव मिळाले की विद्येला घर मिळते, आणि घर मिळाले की दारावर पाटी लावता येते.

ही पाटी सप्टेंबर १९६० मध्ये लागली. फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्यामधील सरोवराकाठी, एव्हियाँ आणि जिनिव्हा या दोन गावी, मूत्रपिंडतज्ज्ञांचे पहिले आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरले आणि त्यात ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी’ जन्मास आली. आंबुर्जे तिचे पहिले अध्यक्ष. स्थळही मोठे समर्पक होते. एव्हियाँचे झऱ्याचे पाणी मूत्रपिंडाच्या विकारांवर गुणकारी म्हणून दीडशे वर्षांहून अधिक काळ प्रसिद्ध होते, आणि ते पिण्यासाठी धनिक लोक तेथे येऊन राहत असत. जुनी श्रद्धा आणि नवी विद्या एकाच धर्मशाळेत उतरली म्हणावयाची!

परंतु या पहिल्या अधिवेशनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट छापील कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. अमेरिकेतील सिॲटल शहराहून बेल्डिंग स्क्रिब्नर नावाचे डॉक्टर तेथे आले होते. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात त्यांनी क्लाइड शील्ड्स या यंत्रकामगाराच्या हातातील एक धमनी आणि एक शीर टेफ्लॉनच्या नळीने बाहेरून जोडली होती. दर खेपेस नवी रक्तवाहिनी कापण्याची गरज त्यामुळे उरली नाही; नळी उघडावी, यंत्र जोडावे, काम झाले की पुन्हा बंद करावी. याचा अर्थ कायमचा रोगीही वर्षानुवर्षे जगू शकतो. शील्ड्स पुढे अकरा वर्षे जगले. पण कार्यक्रमपत्रिका आधीच ठरून छापली गेली होती, आणि तीत स्क्रिब्नर यांना जागा नव्हती. शेवटी त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी उत्सुक मंडळींची एक अनौपचारिक बैठक झाली. सभा चालविणाऱ्या प्रत्येक चिटणिसाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विषयपत्रिकेतील ‘अध्यक्षांच्या अनुमतीने आयत्या वेळी येणारे विषय’ हे शेवटचे कलम आपण पतपेढीत नेहमीच घाईने उरकतो.

स्क्रिब्नर यांच्या त्या नळीने डॉक्टरांपुढे एकदम नवा प्रश्न उभा केला. १९६२ च्या जानेवारीत सिॲटलमध्ये केवळ याच कामासाठी केंद्र उघडले. खाटा मोजक्या, खर्च अफाट आणि रोगी शेकडो. कोणाला घ्यावे? हा निर्णय डॉक्टरांनी एकट्याने घेऊ नये असे ठरले, आणि तेथील किंग परगण्याच्या वैद्यक सभेने सात सामान्य नागरिकांची एक समिती नेमली. एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक कामगार पुढारी, एक सरकारी अधिकारी आणि एक शल्यचिकित्सक. त्यांची नावे गुप्त ठेवण्यात आली होती. आधी डॉक्टरांची समिती प्रकृतीच्या दृष्टीने चाळणी लावी. पंचेचाळीस वर्षांवरील माणूस नको, मूल नको, अन्य मोठा विकार नको. त्या चाळणीतून जे उरत त्यांच्यातून या सात जणांनी निवड करावयाची. मग चर्चा होई ती अशी: याला मुले किती? याची शिल्लक किती? हा चर्चला नियमित जातो काय? समाजाच्या उपयोगी पडतो काय? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने या समितीची हकिकत छापली, तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ उडाली.

या सात माणसांना दुष्ट म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. विनावेतन, रात्रीच्या वेळी बसून त्यांनी हे काम केले, आणि त्या कामाने त्यांची झोप उडाली असणार. मी स्वतः ख्रिस्ती आहे, आणि त्या समितीत धर्मोपदेशक बसला होता हे वाचून मला क्षणभर अवघडल्यासारखे झाले. रविवारी प्रार्थनेस येणाऱ्याला जगण्याचा हक्क अधिक, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? परंतु माझ्या मते खरा दोष वेगळाच होता. एका वैद्यक सभेने आपल्यावरचे ओझे दुसऱ्या समितीवर टाकले. खाटाच वाढविल्या पाहिजेत, पैसा उभा केला पाहिजे, हा आग्रह मात्र तितक्या जोराने सरकारदरबारी पोहोचावयास दहा वर्षे लागली.

आणि तो पोहोचविला कोणी? नोव्हेंबर १९७१ मध्ये शेप ग्लेझर नावाचा एक रोगी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यावयास गेला, आणि तेथेच, प्रतिनिधींच्या देखत, यंत्र जोडून त्याने काही मिनिटे डायालिसिस करून घेतले. भरसभेत याला काही झाले तर साराच खटाटोप फसेल, अशी भीती काही तज्ज्ञांना वाटत होती आणि त्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये कायदा झाला आणि पुढील वर्षापासून अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक मूत्रपिंडरोग्याचा खर्च सरकारी विम्यातून भागू लागला. सिॲटलसारख्या समित्यांचे काम संपले. अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञांची राष्ट्रीय सोसायटी १९६६ साली स्थापन झाली होती आणि विद्वत्तेत ती कोणाला हार जाणारी नव्हती. तरी लोकांच्या स्मरणात राहिले ते त्या रोग्याचे धाडसच.

युरोपने याच सुमारास एक निराळे काम केले, आणि मला ते अतिशय मोलाचे वाटते. १९६४ साली अॅम्स्टरडॅम येथे डायालिसिस व मूत्रपिंडरोपण करणाऱ्या डॉक्टरांची युरोपीय संघटना स्थापन झाली. डॉ. द्रुकर, डॉ. कर आणि डॉ. पार्सन्स ही तिच्या उभारणीतील प्रमुख मंडळी. या संघटनेने एक नोंदवही सुरू केली. दर वर्षी प्रत्येक केंद्राकडे छापील प्रश्नावली जावयाची. किती रोगी घेतले, त्यांचे वय काय, किती जगले, किती वारले, कशाने वारले, किती जणांना मूत्रपिंड बसविले. श्रोतेहो, तक्ते भरणे हा किती कंटाळवाणा उद्योग आहे हे शिक्षकाला सांगावयास नको. शिक्षणखात्याकडून येणाऱ्या प्रत्येक तक्त्याला आम्ही मनातल्या मनात लाखोली वाहतो. परंतु हे तक्ते भरून परत आले म्हणूनच एका देशातील डॉक्टरांना कळले की आपल्याकडे जितके रोगी मरतात तितके शेजारच्या देशात मरत नाहीत. म्हणूनच एका राष्ट्रात दहा लाख वस्तीमागे किती जणांना उपचार मिळतो आणि दुसऱ्यात किती, हे उघड झाले. हाती आकडा आला की अर्थमंत्र्यापुढे उभे राहता येते.

आता पुन्हा त्या आंतरराष्ट्रीय सोसायटीकडे वळू. तिचे दुसरे अधिवेशन १९६३ साली प्रागमध्ये, म्हणजे पोलादी पडद्याच्या पलीकडे भरले. शीतयुद्धाच्या त्या ऐन दिवसांत दोन्ही गटांतील डॉक्टरांनी एका छताखाली बसावे हे सोपे नव्हते. त्याचे सूत्रधार प्रागचे यान ब्रोद हे होते. पाचच वर्षांनी रशियन रणगाडे त्या शहरात शिरले आणि ब्रोद यांना देश सोडून जर्मनीत हानोव्हर येथे नव्याने संसार मांडावा लागला. पुढे दर तीन वर्षांनी अधिवेशन भरू लागले: वॉशिंग्टन, स्टॉकहोम, मेक्सिको, फ्लॉरेन्स, माँट्रिऑल, अथेन्स. १९७२ पासून ‘किडनी इंटरनॅशनल’ हे मासिक निघू लागले आणि पाहता पाहता त्या विषयातील प्रमाण नियतकालिक झाले.

अशा संस्थेचा गाडा चालतो कशावर? सभासदांची वर्गणी, मासिकाचे उत्पन्न आणि अधिवेशनाचे शुल्क, हे उघड आहे. परंतु अधिवेशनाच्या मंडपाबाहेर जे प्रदर्शन भरते त्यातील गाळ्यांचे भाडे आणि औषध व यंत्र बनविणाऱ्या कंपन्यांची देणगी हाही वैद्यक संस्थांच्या जमेचा मोठा भाग असतो. ज्याच्या पैशाने चहा मिळाला त्याच्या मालाविषयी निर्भीडपणे बोलणे अवघड जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणूनच व्यासपीठावर येणाऱ्याने आपला कोणत्या कंपनीशी कसला संबंध आहे ते आरंभीच सांगावे, असा दंडक अलीकडे पडला आहे. त्याने रोग पुरता बरा होतो असे मला वाटत नाही. निदान सूज कोठे आहे ते दिसते. या जमेतून पुष्कळ चांगलेही घडले आहे. १९८५ पासून ही सोसायटी गरीब देशांतील तरुण डॉक्टरांना शिष्यवृत्ती देऊन शिकविते. आणि श्रीमंत देशातील एक रुग्णालय व गरीब देशातील एक रुग्णालय यांचे भगिनीनाते जुळवून देण्याची तिची योजना आहे.

आपल्या देशात ‘इंडियन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी’ १९७० च्या सुमारास उभी राहिली. गंमत अशी की आंतरराष्ट्रीय आणि भारतीय या दोन्ही संस्थांची आद्याक्षरे एकच, आय. एस. एन.; त्यामुळे वाचताना माझा पुष्कळदा घोटाळा झाला. चंडीगडचे डॉ. कृपालसिंग चुघ हे तिच्या संस्थापकांपैकी एक. आपल्याकडील मूत्रपिंडाचे दुखणे पाश्चात्त्य पुस्तकातल्यासारखे नसते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. आपल्याकडे शेतात साप चावतो आणि मूत्रपिंड बंद पडते. जुलाब व उलट्यांनी अंगातील पाणी आटते आणि मूत्रपिंड बंद पडते. असुरक्षित गर्भपातानंतर तरुण बाई दगावते ती पुष्कळदा त्याच कारणाने. ही दुखणी वेळेवर उपचार झाल्यास बरी होणारी, म्हणून त्यांनी आलेले मरण अधिकच बोचते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसविण्याचा प्रयत्न झाला होता, आणि १९७१ साली वेल्लोर येथे जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसविण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली.

यशाबरोबर बाजारही आला. ऐंशीच्या दशकात परदेशांतून श्रीमंत रोगी आपल्या शहरांत येऊ लागले आणि झोपडपट्टीतील कर्जबाजारी माणूस आपले एक मूत्रपिंड विकू लागला. या गोष्टीचा डाग वैद्यकाच्या पदराला लागला आहे, आणि तो झाकून इतिहास सांगता येणार नाही. १९९४ साली संसदेने मानवी अवयवरोपणाचा कायदा केला. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे काही राज्यांच्या संमतीनेच तो करता आला. ज्या तीन राज्यांत तो प्रथम लागू झाला त्यांत गोवा, महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेश ही होती. अवयवाची खरेदी-विक्री त्याने गुन्हा ठरविली आणि मेंदूचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य केला. कायद्याने बाजार उठला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यानंतरही कित्येक प्रकरणे न्यायालयांपुढे आली आहेत.

२००८ साली आंतरराष्ट्रीय सोसायटी आणि अवयवरोपणतज्ज्ञांची जागतिक संस्था यांनी मिळून इस्तंबूल येथे परिषद बोलाविली. दीडशेहून अधिक प्रतिनिधी तेथे जमले आणि अवयवांचा व्यापार व त्यासाठी होणारा रोग्यांचा परदेशप्रवास यांचा निषेध करणारे घोषणापत्र त्यांनी तयार केले. घोषणापत्रामागे पोलीस नसतात हे खरे. परंतु तज्ज्ञांच्या संस्थेच्या हाती काही गोष्टी असतात: कोणाचा निबंध छापावयाचा, कोणाला व्यासपीठ द्यावयाचे, कोणाला सभासद करून घ्यावयाचे. मानमरातबाची ही दारे बंद होणे डॉक्टरला दंडापेक्षाही झोंबते. १९६० साली एव्हियाँत जमलेल्या मंडळींनी आपली संस्था ज्ञानाच्या देवघेवीसाठी काढली होती. पन्नास वर्षे होण्याच्या आत त्याच संस्थेला गरिबाच्या कुशीवरील टाक्यांविषयी बोलणे भाग पडले, हा मला या सर्व इतिहासातील सर्वांत मोठा पालट वाटतो.

भाषेचा शिक्षक म्हणून एक उपकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत मूत्रपिंडासाठी तीन घराण्यांचे शब्द आहेत. ग्रीकवरून आलेला ‘नेफ्रो’, लॅटिनवरून आलेला ‘रीनल’ आणि घरगुती ‘किडनी’. २०२० साली या विषयातील तज्ज्ञांच्या एका परिषदेचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याची शिफारस अशी की रोग्याला कळेल असा ‘किडनी’ हाच शब्द शक्य तेथे वापरावा. १९५० ची ती लंडनची ‘रीनल असोसिएशन’ २०२१ साली दुसऱ्या एका संस्थेत मिसळली तेव्हा नव्या नावात ‘किडनी’ आला आणि ‘रीनल’ गेला. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात वृक्क, वर्तमानपत्रात मूत्रपिंड, खाटकाच्या दुकानात गुरदा आणि रुग्णालयाच्या बाकावर किडनी. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मी मूत्रपिंड म्हटले तेव्हा ते जरा बुचकळ्यात पडल्यासारखे दिसले. मराठीच्या शिक्षकाला ही गोष्ट टोचते, पण रोग्याला आपल्या दुखण्याचे नाव कळले पाहिजे.

२००६ पासून मार्च महिन्यातील दुसरा गुरुवार जागतिक मूत्रपिंडदिन म्हणून पाळला जातो, त्यातही याच सोसायटीचा पुढाकार आहे. २०१३ साली तिने संकल्प सोडला की २०२५ पर्यंत तात्पुरत्या मूत्रपिंडविकाराने, केवळ उपचार न मिळाल्यामुळे, जगात कोणीही मरू नये. २०२५ साल आले आणि संकल्प अपुराच राहिला. सोसायटीने जगाची मोजदाद करून अहवाल काढले आहेत. गरीब देशांत दहा लाख लोकांमागे सरासरी एक मूत्रपिंडतज्ज्ञही पडत नाही, हे त्यांतून दिसते. आफ्रिका खंडात तिचे जागतिक अधिवेशन प्रथम भरले ते २०१५ साली, केपटाउनला. संस्था पंचावन्न वर्षांची झाल्यावर! भारतीय मनुष्य तिच्या अध्यक्षपदी बसला तो २०१९ साली, डॉ. विवेकानंद झा, चंडीगडच्याच परंपरेतले. आपल्या सरकारने जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना विनामूल्य डायालिसिस देण्याची योजना २०१६ साली जाहीर केली. पण जिल्ह्याचे ठिकाण आणि खेडे यांच्यामधील बसभाडे आणि बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत बसत नाही.

दारावरच्या कागदात ज्या अधिवेशनाचा उल्लेख होता ते या सोसायटीचे २०२५ चे जागतिक अधिवेशन, दिल्लीस भरलेले. त्याच वर्षी मे महिन्यात जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्यासंबंधीचा आपला पहिला ठराव संमत केला. तो मांडण्यात पुढाकार होता ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतील लहान देशाचा. त्या भागात उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे कडक उन्हात निकामी होतात. सभासद राष्ट्रांनी हा रोग आपल्या आरोग्ययोजनांत घ्यावा, असे ठरावाचे म्हणणे आहे. मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्था त्यासाठी कित्येक वर्षे खटपट करीत होत्या.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर एका बुधवारी, मधल्या सुटीत, यातले बरेचसे मी त्या मुलाला सांगितले. एव्हियाँ, प्राग, इस्तंबूल त्याने मुकाट्याने ऐकून घेतले. सिॲटलच्या सात माणसांविषयी मात्र तो खोदून खोदून विचारू लागला. ते कोठे बसत, हात वर करून मत देत की चिठ्ठी टाकीत, नकार मिळालेल्याला कोण सांगे. पुष्कळ प्रश्नांची उत्तरे माझ्यापाशी नव्हती. मग तो थोडा वेळ गप्प राहिला.

“पंचेचाळीसच्या वरचा नको म्हणाले ना, सर?” तो म्हणाला. “म्हणजे आमचे बाबा त्यात बसले नसते. ते सत्तेचाळीसचे आहेत.”

ती अट पुढे गळून पडली, असे मी त्याला सांगितले. तेवढ्यात घंटा झाली आणि तो गणिताच्या तासाला गेला.